सध्या काही नाही

मित्रांनो, जुन्या छत्रीचं, आटलेल्या विहिरीचं, भंगारात निघालेल्या बसचं मनोगत तुम्ही कधी ना कधी वाचलं असेल. माझं मनोगत मात्र आजवर कोणी विचारलं नाही. साहजिकच आहे. मला ना चाकं, ना दांडा, ना पोपडे उडालेल्या भिंती. मी एक जुनं वेबपान आहे. व्याकरणाप्रमाणे पान नपुंसकलिंगी, तेव्हा मी ‘मी आलं’ असं म्हणायला हवं. पण तसं म्हटलं की तुम्हाला भाजीवाल्याकडचं आलं आठवणार. म्हणून मी आपला ‘आलो’ आणि ‘गेलो’च म्हणणार आहे. तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म कपडे शिवायच्या एका दुकानात, कापड बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर झाला. हे दुकान बसथांब्यासमोर आहे, एका बाजूला दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांची टपरी. दुकानाच्या मालकिणीला सगळी गल्ली मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणतो. गळ्यात मापाची टेप, कानामागे खडू, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि चष्म्याच्याही पुढे राग. राग लवकर येतो आणि त्याहून लवकर जातो. काम करताना मोठ्यानं बोलायची तिला सवय आहे, त्यामुळे या घराण्याचा सगळा इतिहास मला जन्मतःच पाठ होता.

दुकानात शिलाईची दोन मशिनं होती. एकावर मावशी बसायची. दुसऱ्यावर कव्हर घातलेलं असायचं. ते मशीन तिच्या धाकट्या बहिणीचं. ही धाकटी शेजारच्या गावाहून रोज बसनं यायची आणि दोघी मिळून दुकान चालवायच्या. बेतणं, कापणं, शिवणं मावशीचं आणि भरतकाम धाकटीचं. धाकटीच्या हातात सुई आली की साध्या बाहीवर पानं फुटायची. दोघी दिवसभर भांडायच्या आणि संध्याकाळी एकाच डब्यातलं खायच्या.

मग एक दिवस एक गायिका आपला झगा न्यायला आली. कॉलरवर भरलेल्या वेलीवरून बोट फिरवत तिनं विचारलं, “किती सुंदर! हात कोणाचा हा?” धाकटी समोरच बसली होती. आणि मावशी म्हणाली, “आमच्या दुकानाचाच.”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं हो. दुकानाचा अभिमान, दुसरं काय? पण धाकटीनं त्या संध्याकाळी मशीनवर कव्हर घातलं आणि म्हणाली, “तुझ्या दुकानालाच हात आहेत ना, ताई? मग माझी काय गरज?” दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. फोनवरचं बोलणंही कामापुरतं उरलं.

आपलं चुकलं हे मावशीला लगेच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं. कापड चुकीचं कापलं गेलं तर ती कापडाची माफी मागेल, माणसाची मागायची म्हटलं की तिच्या तोंडातून शब्द फुटत नाही. फोन उचलायची, पाऊस आहे का विचारायची आणि ठेवून द्यायची. अशात तिला वाचनालयाच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. ‘तुमचं स्वतःचं वेबपान बनवायला शिका. आधीचं काही यायला नको.’ मावशीनं तो वाचला आणि घड्याळवाल्या काकांना सांगितलं, “मला आधीचं काहीच येत नाही. म्हणजे मी अगदी योग्य आहे.”

तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. जे तोंडानं सांगता येत नाही ते लिहून सगळ्या जगासमोर टांगायचं. दुकानाचं पान करायचं आणि त्यावर धाकटीचा फोटो लावायचा, खाली लिहायचं की भरतकाम हिचं. मग धाकटी ते बघेल, आणि कदाचित त्या कव्हराला पुन्हा कोणीतरी हात लावेल. मित्रांनो, माझा जन्म एवढ्याचसाठी झाला. काही मुलांवर जन्माआधीच अपेक्षांचं ओझं असतं, तसं माझ्यावर होतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी क्लास भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम चटपटीत होत्या, पण खोलीतल्या विजेच्या प्लगांवर त्यांचा विश्वास नव्हता. शिकवता शिकवता मध्येच टेबलाखाली घुसायच्या आणि तिथूनच बोलायच्या. मावशी पहिल्या रांगेत बसली. पहिल्या धड्यानंतर तिनं मला दुकानात लिहिलं, पेनड्राइव्हवर जपून क्लासला आणलं आणि मोठ्या कौतुकानं उघडलं. उघडते तर काय, पडद्यावर नुसते कोनदार कंस आणि त्यांच्यामध्ये अडकलेली अक्षरं. सदरा उलटा घातल्यावर शिवणी दिसाव्यात तसा मी दिसत होतो. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम म्हणाल्या, “काही नाही, फाइलच्या नावाचं शेपूट चुकलंय, टिंबापुढची अक्षरं. तेवढं बदला.” शेपूट बदललं आणि मी सुलटा झालो.

मग टॅग शिकवले. टॅग म्हणजे पानाला दिलेली सूचना. इथून मोठी अक्षरं, इथून नवा परिच्छेद, असं त्यात सांगायचं. मॅडमनी बजावलं, “टॅग उघडला की बंद करायचा. विसरायचं नाही.”

“म्हणजे टाका घातला की शेवटी गाठ मारायची. एवढंच ना?” मावशीनं विचारलं.

मॅडमना हे इतकं आवडलं की पुढे त्यांनी प्रत्येक क्लासला तेच सांगितलं. पण गाठीचं तत्त्व सांगणारी मावशी दुसऱ्याच दिवशी मथळ्याला गाठ मारायला विसरली. मग काय, मथळ्याची थोरली अक्षरं थेट शेवटच्या ओळीपर्यंत ओघळली. ‘दुकान सोमवारी बंद’ ही ओळ तर एखाद्या धमकीसारखी दिसत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मावशी स्वतःच खो खो हसली, गाठ मारली आणि मला शांत केलं.

तिचा हात माझ्यावर फिरायचा तेव्हा मला फार छान वाटायचं. रंग निवडायला ती कापडाचा तुकडा घेऊन यायची आणि पडद्याला लावून बघायची. “हा निळा धुतल्यावर उतरेल,” असं एकदा पुटपुटली. वेबपान कधी कोणी धूत नाही हे तिला ठाऊक होतं, पण सवय जात नाही. बाकीच्यांची पानं भडक लाल-पिवळी झाली. माझी पार्श्वभूमी फिकट राखाडी, अक्षरं गडद निळी. नवी पँट घालून उभं राहावं तसा मी ऐटीत होतो.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं सांगतोय.

त्या दिवशी चित्रं शिकवायची होती. मॅडम म्हणाल्या, चित्रासाठी दोन गोष्टी लिहायच्या. एक चित्राचा पत्ता, म्हणजे ते कुठे ठेवलंय ते. आणि दुसरं, काही कारणानं चित्र दिसलंच नाही तर त्या जागी लोकांनी काय वाचायचं ते. धाकटीचा फोटो मावशीच्या कॉम्प्युटरवर दुकानात होता, इथे नव्हता. तिनं चौकट तयार केली, वर मथळा लिहिला, ‘भरतकाम करणारी माझी धाकटी बहीण’, आणि दुसऱ्या गोष्टीपाशी येऊन अडली.

“मॅडम, इथे काय लिहू?”

मॅडम टेबलाखाली होत्या. तिथूनच ओरडल्या, “सध्या काही नाही!”

मावशीनं मान डोलावली आणि एकेक अक्षर शोधत इमानेइतबारे लिहिलं, ‘सध्या काही नाही’.

मी ओरडायचा प्रयत्न केला. पण वेबपानाला जे लिहिलंय तेवढंच बोलता येतं.

दुकानात परत आल्यावर मावशीनं फोटो लावला. खिडकीपाशी बसलेली धाकटी, हातात भरतकामाची रिंग, मांडीवर तीच वेलीची कॉलर, आणि मावशीच्याच कुठल्याशा बोलण्यावर तोंड उघडं टाकून हसत असलेली. फोटो नीट दिसला, म्हणून ते तीन शब्द मागे झाकले गेले. मावशी ते विसरूनही गेली. मॅडमनी शिकवलं होतं तसं तिनं मला इंटरनेटवर चढवलं. फक्त मला. फोटो चढवायचा असतो हे तिच्या लक्षातच आलं नाही. पत्ता तर तिनं लिहिलाच होता! पण तो पत्ता होता तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा. समजा, तुम्ही एखाद्याला सांगितलंत की वस्तू आमच्या कपाटाच्या वरच्या खणात आहे, आणि तो बिचारा आपल्याच घरी बसून आपलंच कपाट धुंडाळतोय. तसं झालं.

मावशीला हे कळणार कसं? मला बघायचं झालं की ती आपल्या कॉम्प्युटरवरच्या माझ्या आयकॉनवर टिचकी मारायची. तिथे मी अगदी सुरेख उघडायचो, धाकटीच्या हसण्यासकट. बाहेर जगात मात्र माझ्या पोटात एक रिकामी चौकट होती.

तिनं धाकटीला माझी लिंक पाठवली. सोबत एवढंच लिहिलं, ‘बघ.’ आणि फोन छातीशी धरून बसली.

धाकटीनं मला स्वयंपाकघरात उघडलं. ओल्या हाताची दोन बोटं पुसून तिनं पान खाली सरकवलं. मथळा आला, ‘भरतकाम करणारी माझी धाकटी बहीण’. क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! मग खाली चौकट आली. चौकटीत लिहिलं होतं, ‘सध्या काही नाही’.

ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मित्रांनो, इतकी वर्षं झाली, पण तेव्हाचे तिचे डोळे आठवले की मला अजून वाईट वाटतं. तिच्यासाठी जन्माला आलो आणि तिलाच माझ्या तोंडून हे ऐकावं लागलं. तिच्या नवऱ्यानं बाहेरून विचारलं, “काय पाठवलंय ताईंनी?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

इकडे मावशी वाट बघत होती. उत्तर आलं नाही. तो दिवस गेला, आठवडा गेला. ती मला उघडायची, वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, “दिसतंय की चांगलं! अजून काय करायला हवं होतं मी?” वाट बघण्याचं हळूहळू दुःख झालं आणि मावशीच्या दुःखाचा राग व्हायला कितीसा वेळ लागतो? “एवढं सगळ्या जगासमोर लिहिलं, तिला एक ‘बघितलं’ म्हणवत नाही. ठीक आहे. एका हातानं टाळी वाजत नाही.” शिवणाच्या एका नव्या शाळेला मशीन हवं होतं. मावशीनं त्यांना निरोप धाडला की धाकटीचं मशीन घेऊन जा. आणि मला म्हणाली, “तुलाही उतरवून टाकते आता.”

मला भीती मरणाची वाटली नाही. असं, न बोलता मरायचं, याचं वाईट वाटलं.

मशीन न्यायला माणसं यायची होती त्या सकाळी घड्याळवाले काका सदऱ्याचं बटण लावून घ्यायला आले. बटण लागेपर्यंत काय करायचं म्हणून त्यांनी स्वतःच्या फोनवर मला उघडलं. डोळ्यात घड्याळ बघायचं भिंग तसंच होतं.

“पान झकास झालंय,” ते म्हणाले. “पण बहिणीबद्दल असं लिहायला नको होतं हो तुम्ही. भांडण असेल, पण जगासमोर?”

“कसं लिहायला नको होतं?”

“‘सध्या काही नाही’ म्हणे. बहीण म्हणून मोठा मथळा आणि खाली ‘सध्या काही नाही’.”

“काका, डोळ्यातलं भिंग काढा आणि चष्मा लावा. तिथे फोटो आहे.”

काकांनी फोन तिच्यासमोर धरला. मावशीनं बघितलं. सुई तिच्या बोटात गेली, पण तिला ती टोचलीसुद्धा नाही. “अगं बाई,” एवढंच ती म्हणाली. मग खाली बसली. मग उठली. “हे तिनं वाचलंय! तिनं हेच वाचलंय!” मशीन न्यायला आलेल्या माणसांना दारातच “आता नाही, जा, जा!” म्हणून तिनं हाकललं, काकांचा सदरा अर्ध्या बटणावर सोडला आणि गळ्यात टेप तशीच ठेवून वाचनालयाकडे धावत सुटली.

मॅडमनी मला उघडलं आणि दोष लगेच ओळखला. “फोटो चढवलाच नाहीत तुम्ही. पत्ताही घरचा दिलाय. पण हे शब्द कोणी लिहिले?”

“तुम्हीच सांगितलंत.”

“मी? कधी?”

“टेबलाखालून.”

मॅडमना आठवलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, म्हणजे सध्या काही लिहू नका!” मग मॅडमना हसू आलं, मावशीला रडू आलं, आणि थोड्या वेळानं त्यांची अदलाबदल झाली.

फोटो चढला. पत्ता सुधारला. मॅडम म्हणाल्या, “आता ते शब्द बदला. इंटरनेट सावकाश चालत असेल तिथे फोटो येईपर्यंत लोक हेच वाचतात. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांनाही हेच वाचून दाखवलं जातं. नीट लिहा.” आणि या वेळी त्या टेबलाखाली गेल्या नाहीत, शेजारी बसून राहिल्या.

मावशीनं लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. ‘बहिणीचा फोटो’ लिहिलं, ते पुसलं. ‘उत्तम कारागीर’ लिहिलं, तेही पुसलं. मला गुदगुल्या होत होत्या आणि रडूही येत होतं. शेवटी तिनं चष्मा काढून ठेवला आणि जवळजवळ न बघताच लिहिलं, ‘ही माझी धाकटी बहीण. कॉलरवरची वेल हिनं भरली आहे. विचारलं तेव्हाच मी सांगायला हवं होतं.’

मग तिनं धाकटीला निरोप पाठवला, ‘परत बघ. आधी चुकलं होतं.’ मावशीच्या आयुष्यात ‘चुकलं’ हा शब्द पहिल्यांदाच तिच्या हातून बाहेर पडला होता.

धाकटीनं लगेच उघडलं नाही. रुसलेलं माणूस इतक्या सहजासहजी फोन उघडत नसतं. पण उघडलं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढता काढता. तिच्या गावात इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालायचं. त्यामुळे फोटोच्या आधी शब्द आले. ते तिनं वाचले. मग चौकटीत वरून हळूहळू फोटो उतरू लागला. आधी खिडकी, मग तिचे विस्कटलेले केस, कपाळ, मिटलेले डोळे, आणि मग ते तोंडभर हसू. खांद्यावरचा टॉवेल घेऊन ती तिथेच गच्चीच्या पायरीवर बसली. टॉवेलानं तिनं कितीदा तोंड पुसलं ते मी सांगणार नाही.

संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. मावशीनं उचलला. पलीकडून आवाज आला,

“ताई, शिवणकामाचं ‘शिणवकाम’ केलंयस.”

“कुठे?”

“अगदी वर. एवढ्या थोरल्या अक्षरांत. ‘आमच्याकडे उत्तम शिणवकाम करून मिळेल.’ लोक काय म्हणतील? इथे जाऊन दमून यायचं?”

“मग...” मावशी म्हणाली, “मग तू येऊन दुरुस्त कर. मला एकटीला नाही जमत.”

“येणारच आहे. आणि फोटो कुठला टाकलायस गं? सगळे दात दिसतायत माझे.”

“असू देत,” मावशी म्हणाली. “मला आवडतात.”

ती आली. मशीनवरचं कव्हर काढून झटकलं, धुळीनं दोघींना शिंका आल्या. मग दोघी एकाच स्टुलावर दाटीवाटीनं बसल्या आणि माझ्यातल्या चुका काढायला लागल्या. “ऱ्हस्व-दीर्घाचं तर तुला वावडंच आहे,” धाकटी म्हणाली. “तू ये ना मग रोज,” मावशी म्हणाली. भांडण असं सुरू झालं आणि मला हायसं वाटलं.

त्यानंतरची माझी वर्षं फार चांगली गेली. माझ्यावर नवीन फोटो आले, बाह्यांचे, पदरांचे, एका पडद्यावर भरलेल्या अख्ख्या बागेचे. प्रत्येकाखाली कोणाचा हात तेही लिहिलेलं. लांबलांबचे लोक मला बघून दुकानात यायचे. ती गायिकाही आली आणि या वेळी तिनं धाकटीचाच हात हातात घेतला. मॅडम नव्या विद्यार्थ्यांना मला उघडून दाखवायच्या.

आता मी म्हातारा झालो. लोक फोनवरच फोटो टाकतात, तिथेच बघतात. दुकान हल्ली गुरुवारी बंद असतं, पण मी अजून ‘सोमवारी’ सांगतो, आणि एखादं गिऱ्हाईक बंद दारासमोर उभं राहून मलाच शिव्या देतं. मला दोघी विसरल्या आहेत, कारण दोघींना आता माझी गरज उरलेली नाही. याचं मला थोडं वाईट वाटतं आणि पुष्कळ बरं वाटतं.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस तुमचं पहिलं पान बनवाल. त्याला प्रेमानं लिहा. गाठी मारा. बनवून झाल्यावर त्याला विसरू नका, अधूनमधून त्याचे वार तरी बदला. आणि एक विनंती आहे. तुमच्या खिडकीतून ते छान दिसलं की लगेच खूश होऊ नका. दुसऱ्याच्या दारी जा, त्याच्या फोनवर उघडून बघा. आणि ज्याच्यासाठी एवढं सगळं केलंत तोच गप्प राहिला, तर तो रुसला, तो वाईट, असं ठरवून त्याचं मशीन देऊन टाकू नका. आधी त्याला एक फोन करा आणि विचारा, “तुला काय दिसतंय?”